पायऱ्यांचं ड्रिल आणि नेटकं भोक

मैत्रिणींनो, घर नवं असो की जुनं, दर सहा-आठ महिन्यांनी त्यात कुठे ना कुठे भोक पाडायची वेळ येतेच. भिंतीतली भोकं वेगळी. त्यांच्याविषयी आज बोलायचं नाही. मी म्हणते ती पत्र्यातली, फळीतली, प्लॅस्टिकमधली. टीव्हीच्या कपाटाच्या मागच्या फळीतून वायरी काढायच्या असतात. ओट्याखाली पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं की त्याची तोटी सिंकच्या काठावर हवी असते. झाकणाच्या मोठ्या बादलीला नळ बसवला की झाडांना पाणी घालायची सोय होते. गणपती आले की मखराच्या ॲक्रिलिकला दिव्यांच्या माळेसाठी ओळीने वीस-पंचवीस भोकं लागतात. पंपाच्या स्विचच्या पत्र्याच्या पेटीत आणखी एक केबल घ्यायची असते.

अशा वेळी आपण काय करतो? "यांना" सांगतो. "हे" रविवारी करतो म्हणतात. चार रविवार जातात. मग कोणीतरी खिळा तापवून प्लॅस्टिकमध्ये खुपसतं, कोणी कात्रीचं टोक फिरवतं, नाहीतर शेजारून आणलेल्या ड्रिल मशीनला सापडेल ते जाड बिट लावून एकदम जोर देतं. भोक पडतं, नाही असं नाही. पण ते धड गोल नसतं, कड दातेरी निघते, सनमायक्याचा टवका उडतो, ॲक्रिलिकला तडा जातो. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "भोकच आहे ते! वर झाकण येणार. कोण बघतंय?"

बघण्याचा प्रश्नच नाही हो. त्या भोकातून पुढे काय जाणार आहे, हा खरा प्रश्न आहे.

पंपाच्या पत्र्याच्या पेटीचंच घ्या. भोकाच्या कडेला पत्र्याची कुसळं उभी राहिली आहेत आणि त्यातून वायर ओढून घेतली आहे. आज सगळं ठीक दिसतं. पण पंप सुरू झाला की पेटी थरथरते. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं वायर त्या कुसळांवर घासत राहते. काही महिन्यांनी वरचं प्लॅस्टिक झिजून आतलं तांबं पत्र्याला टेकतं आणि सगळी पेटी "जिवंत" होते. अर्थिंग नीट असेल आणि घरात गळती ओळखणारा आरसीसीबी स्विच असेल तर वीज तुटते, जीव वाचतो. नसेल तर? सकाळी पाणी भरायच्या घाईत, ओल्या हाताने त्या पेटीचं बटण दाबणारी घरात कोण असते, ते मी सांगायला नको.

म्हणून भोक गोल हवं, कड गुळगुळीत हवी आणि पत्र्यात वायर जाणार असेल तर त्यात रबरी ग्रोमेट हवंच. ग्रोमेट म्हणजे भोकात बसणारी खाचेची रबरी कडी. ती काही रुपयांना मिळते. पण भोक वेडंवाकडं असेल तर ती बसत नाही आणि बसली तरी एके दिवशी निसटते. नेटक्या भोकाची गरज इथून सुरू होते.

गाडग्यांची उतरंड आडवी केली तर...

या कामासाठी एक फार सोयीचं बिट मिळतं. दुकानात "स्टेप ड्रिल" म्हणून मागा. दिसायला ते गमतीचं असतं. गाडग्यांची उतरंड आडवी करून ठेवावी तसं. टोकाला बारीक, मग एकेक पायरीने जाड होत गेलेलं, अंगावर एक-दोन खोल खाचा. प्रत्येक पायरीवर तिचा आकडा कोरलेला असतो: ४, ६, ८, १०, १२. हे मिलिमीटर. जी पायरी पत्र्यातून आरपार जाईल तेवढ्या व्यासाचं भोक पडतं. एका बिटात अशी पाच, नऊ किंवा पंधरा मापं बसलेली असतात. अमेरिकेत हॅरी ओक्स यांच्या नावावर याचं पेटंट १९७३ मध्ये झालं आणि "युनिबिट" या नावाने ते बाजारात आलं. पेटंटची मुदत संपल्यावर सगळेच ते बनवू लागले. आता मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला, पुण्याच्या बोहरी आळीत किंवा तालुक्याच्या बऱ्या हार्डवेअरच्या दुकानातही ते मिळतं.

आता तुम्ही विचाराल, नेहमीच्या पिळाच्या बिटाने काय बिघडतं? जाड लोखंडात काहीच नाही. पातळ पत्र्यात मात्र बिघडतं. पिळाच्या बिटाचं टोक निमुळतं असतं. पत्रा एक मिलिमीटरचा असला की बिटाची पूर्ण रुंदी पत्र्यात शिरण्याआधीच त्याचं टोक पलीकडे निघून जातं. मग बिटाला मध्यावर धरून ठेवणारं काही उरत नाही. ते इकडेतिकडे नाचतं आणि भोक गोल पडण्याऐवजी फुगीर बाजूंचं तिकोनी पडतं. त्याहून वाईट म्हणजे पत्रा त्या पिळावर चढतो आणि बिटाबरोबर गरगर फिरू लागतो. तो हातात धरलेला असला तर बोटं कापल्याशिवाय राहत नाहीत.

पायऱ्यांच्या बिटाचं तसं होत नाही. ४ च्या पायरीने पाडलेल्या भोकात ६ ची पायरी येते, ६ च्या भोकात ८ ची. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीने बांधून दिलेला रस्ता मिळतो, त्यामुळे मध्य हलत नाही. एका वेळी कापायचं ते फक्त एक मिलिमीटरचं कडं. आणि आणखी एक सोय अशी, की हवं ते माप झाल्यावर पुढच्या पायरीचा उतार कडेला नुसता टेकवला, की पुढच्या बाजूची कुसळं साफ निघतात.

मला स्वतःला याचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो वेगळाच. आधी असलेलं भोक मोठं करायचं असेल तर दुसरं कुठलंही हत्यार हात टेकतं. गोल करवत म्हणजे होल सॉ घ्यावा, तर त्याच्या मधल्या टोकाला टेकायला जागाच नसते. तिथे आधीच भोक आहे ना! पायऱ्यांचं बिट मात्र त्या भोकात सरळ जाऊन बसतं आणि आपोआप मध्य धरतं. जुनी तोटी बारीक होती, नवी जाड आली, असं घराघरांत होतं. तिथे याला तोड नाही.

घ्यायचं कोणतं?

बाजारात साधारणपणे तीन मापं चालतात: ४ ते १२, ४ ते २० आणि ४ ते ३२. तिघांचा एकत्र संच काहीशे रुपयांत मिळतो. सोनेरी रंगाला भुलू नका. तो वरचा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो. तो चांगला असतो, पण आतलं पोलाद हायस्पीड स्टील आहे ना, हे आधी विचारा. त्यावर "एचएसएस" असं कोरलेलं असतं. स्टेनलेस स्टीलमध्ये पुष्कळ भोकं पाडायची असतील तरच कोबाल्टवालं महाग बिट घ्यावं. एका सिंकच्या एका भोकासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

एकच घ्यायचं तर कोणतं? पुष्कळजण ४ ते २० सुचवतात. माझं मत घरासाठी ४ ते ३२ असं आहे आणि त्याचं कारण आपल्या नळांत आहे. "अर्ध्या इंचाचा नळ" म्हणतो तेव्हा भोकही अर्ध्या इंचाचं, म्हणजे १३ मिलिमीटरचं लागेल असं वाटतं ना? नाही! अर्धा इंच हे पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं जुनं नाव आहे. त्या नळाच्या आट्याची बाहेरची जाडी २१ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे बादलीला भोक २२ चं हवं. पाऊण इंची आट्याला २८ चं लागतं, कारण तो साडेसव्वीसच्या जवळपास असतो. ४ ते २० चं बिट इथे कमी पडतं. प्लॅस्टिकच्या बादलीची भिंत दोन-तीन मिलिमीटरची असते. पायऱ्यांच्या बिटाला याहून सोपं काम नाही. मात्र बिट बादलीच्या बाहेरून आत चालवा आणि वायसर, म्हणजे रबरी चकती, आतून-बाहेरून दोन्हीकडे घाला. भोक नेटकं असेल तर रबर सगळीकडे सारखं दाबलं जातं आणि थेंबही गळत नाही.

मशीनच्या बिट पकडणाऱ्या जबड्याला "चक" म्हणतात. घरगुती मशीनचा चक १० किंवा १३ मिलिमीटरचा असतो. ४ ते ३२ च्या बिटाची दांडी तुमच्या चकमध्ये मावते का, हे मशीनच दुकानात नेऊन पाहिलं तर परत खेप पडत नाही.

आधी माप, मग मशीन

वायरीसाठी भोक पाडायचं तेव्हा वायरीची जाडी मोजून भागत नाही. टोकाचा प्लग मोजा, तोही कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा. इंटरनेटच्या वायरीचं टोक रुंदीला जेमतेम १२ मिलिमीटर भरतं, पण तिरपं मोजलं तर १४ च्या पुढे जातं. म्हणून भोक १६ चं. बिटांच्या पायऱ्या दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. मधलं माप आलं तर वरची पायरी घ्या. २५ च्या कंड्युट पाइपाला २६ चं भोक, असं. तीन पिनांच्या प्लगसाठी मात्र एवढं मोठं भोक पाडत बसू नका. वायर ओवून प्लग नंतर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलेला बरा.

दुसरी गोष्ट, मागे काय आहे ते हाताने चाचपून, टॉर्च लावून बघा. हे बिट लांब असतं. ३२ च्या पायरीपर्यंत जाईतो त्याचं टोक मागच्या बाजूला चांगलं पाच-सात सेंटिमीटर बाहेर आलेलं असतं. मागे गॅसची नळी, पाण्याचा पाइप, चालू वायर किंवा कपाटामागची भिंत असेल तर? विजेच्या पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. आणि एक लक्षात ठेवा: आपण भोक पाडायचं, वायरी जोडायचं काम इलेक्ट्रिशियनचं.

हव्या त्या पायरीच्या पुढच्या पायरीला रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्या. १२ चं भोक हवं तर पट्टी १४ च्या पायरीवर. बिट फिरत असताना आकडे वाचता येत नाहीत, पट्टी मात्र लाल रेघेसारखी दिसते. ती पत्र्याला टेकायच्या आत थांबायचं. या बिटाने होणारं सर्वांत जास्त नुकसान हेच, की हात थांबत नाही आणि भोक एक पायरी मोठं होऊन बसतं. पातळ पत्र्यात एक पायरी जायला दोन सेकंदही लागत नाहीत.

पदर घट्ट खोचा. ओढणी काढूनच ठेवा. वेणीचा अंबाडा घाला. लोंबतं मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, बांगड्या आणि अंगठी काढलेली. पायांत चप्पल नव्हे, बूट. डोळ्यांना प्लॅस्टिकचा चष्मा हवाच, कारण स्टीलचा कण डोळ्यात गेला तर पाण्याने निघत नाही. हातमोजे मात्र घालू नका. हे ऐकून नवल वाटेल, पण फिरतं बिट मोज्याचा धागा पकडतं आणि त्याबरोबर बोट ओढून नेतं. बिट बदलताना प्लग सॉकेटमधून बाहेर काढलेला असावा; नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मुलांना बाहेर खेळायला पाठवा.

आणि मशीनवर हातोडीचं चित्र असलेलं बटण असतं, ते ड्रिलच्या खुणेवर आहे ना, हे पाहा. हातोडीचे ठोके सिमेंटच्या भिंतीसाठी असतात. त्या ठोक्यांनी पायऱ्यांच्या धारा एका भोकात मोडतात.

स्टीलचा सिंक: घाईचं काम नव्हे

घरातली सगळ्यांत अवघड चीज म्हणजे स्टेनलेस स्टीलचा सिंक. पत्रा मिलिमीटरभरच असतो, पण स्वभाव मोठा हट्टी. हे स्टील घासलं गेलं की तिथल्या तिथे आणखी कडक होतं. म्हणजे बिट जोरात फिरतंय पण कापत नाही, असं मिनिटभर चाललं, की त्या जागी मग काहीच कापत नाही. उलट बिटच जळतं. बायका म्हणतात, "बिट वाईट निघालं." बिट वाईट नसतं, वेग जास्त असतो आणि दाब कमी.

वेगाचं गणित जात्यावरून समजेल. जातं फिरतं तेव्हा मधला भाग जागच्या जागी वळतो, पण कडेचा खुंटा केवढी मोठी फेरी मारतो! फेरे तेवढेच, पण कडेला धाव जास्त. बिटाचंही तसंच. पायरी जितकी मोठी तितकी तिची धार जास्त पळते आणि तापते. म्हणून पायरी चढत जाल तसा वेग उतरवत न्यायचा. साध्या लोखंडी पत्र्यात १० च्या पायरीला मिनिटाला सुमारे ७०० फेरे ठीक. ३२ ला २०० ते २५०. स्टेनलेसमध्ये याच्याही निम्मे. आपलं घरगुती मशीन पूर्ण दाबलं तर अडीच-तीन हजार फेरे घेतं, तेव्हा स्टीलच्या कामात ते कधीच पूर्ण दाबायचं नाही. घोड्यावर बोट हळुवार ठेवून, बिटावरची पट्टी डोळ्यांना फिरताना दिसेल एवढ्याच वेगाने चालायचं. ज्या मशीनला वेग कमी-जास्त करता येत नाही ते या कामाला घेऊच नका.

पाण्याच्या यंत्राच्या तोटीला बहुधा १२ चं भोक लागतं, पण तुमच्या तोटीचा दांडा मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. जागा ठरवताना तोटीची चोच सिंकमध्ये येते का, खालून नट आवळायला हात पोचतो का, हे पाहून घ्या. मग तिथे चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने खूण करा. खालून लाकडाचा ठोकळा धरायला कोणाला तरी बोलवा आणि सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. तेवढी खळी पडली की बिट घसरत नाही. गुळगुळीत सिंकवर बिट घसरलं तर जो ओरखडा उठतो तो जन्मभर भांडी घासताना दिसतो. आता ठोकळा काढा. नाहीतर लांब बिट त्यातच रुतेल.

खळीत तेलाचे दोन थेंब टाका. खास कटिंग ऑइल असेल तर उत्तम, नसेल तर शिवणयंत्राचं तेल चालतं. मशीन दोन्ही हातांनी, सरळ उभं धरा आणि अंगाचा भार देऊन हळूहळू दाबा. बारीक कुरळ्या निघू लागल्या म्हणजे कापतंय. नुसता चुरा किंवा किंचाळणारा आवाज आला तर वेग आणखी कमी करा, दाब वाढवा. कुरळ्या निळसर पडू लागल्या तर बिट फार तापलंय. थांबा, तेल घाला, गार होऊ द्या. प्रत्येक पायरीला पुन्हा दोन थेंब. पायरी बदलताना मशीनला झटका बसतो, तेव्हा मनगट घट्ट ठेवा. मोठ्या नळासाठी ३५ चं भोक लागत असेल तर ३२ चं बिट अपुरं आणि घरगुती मशीनला ते ओझंही होतं; ते काम सिंकवाल्याकडून करून घेतलेलं बरं.

भोक झालं की खालच्या बाजूची कुसळं उरतात. मशीनमधून बिट काढा, भोकात खालून बसवा आणि हातानेच चार वेळा फिरवा. कड गुळगुळीत होते. राहिलंच तर बारीक गोल कानस.

आता चुऱ्याचं. स्वयंपाकघर आहे, हे विसरून चालणार नाही. काम सुरू करण्याआधीच ओट्यावरचे डबे, चमचे, पोळपाट सगळं हलवा. बहुतेक सिंकच्या स्टीलला लोहचुंबक धरत नाही, म्हणून चुंबक फिरवून चुरा गोळा होईल या भरवशावर राहू नका. भिजवलेल्या कणकेचा एक घट्ट गोळा घ्या आणि सगळीकडे टेकवत जा. कण त्यात रुततात. तो गोळा वर्तमानपत्रात बांधून कचऱ्यात टाका. गाईला, पाखरांना चुकूनही नको. मग साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. लोखंडी पत्र्याचं काम केलं असेल तर त्याचा चुरा सिंकवर पडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबूस गंजाचे ठिपके दिसतात आणि स्टीलच "हलकं" निघालं असं वाटतं.

मखराचं ॲक्रिलिक

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून पुष्कळ घरांत ॲक्रिलिकचं किंवा फळीचं, दरवर्षी पुन्हा वापरता येणारं मखर केलं जातं. त्यात रंगीत एलईडीचे टपोरे दिवे बसवायचे तर सारख्या मापाची ओळीने भोकं हवीत. नेहमीच्या १२ मिलिमीटरच्या दिव्यांना १२ चीच पायरी लागते, पण आधी एका टाकाऊ तुकड्यात दिवा बसवून बघा. घट्ट बसायला हवा, पण रेटावा लागता कामा नये.

ॲक्रिलिक स्टीलसारखं हट्टी नाही, हळवं आहे. एकदम जोर दिला की मागच्या बाजूने तडकतं आणि बिट तापलं की वितळून त्यालाच चिकटतं. वरचा संरक्षक कागद काढू नका. खूण त्यावरच करा. पंच मारू नका, नाहीतर तिथेच तारा फुटेल. टोकदार बिट हलके टेकवून हळूहळू सुरू करा. तक्ता दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवून क्लॅम्पने आवळा. पट्ट्या भोकाच्या अगदी जवळ हव्यात म्हणजे तक्ता लवत नाही आणि मध्ये बिटाच्या टोकाला जायला मोकळी जागा राहते. दर पायरीला बिट वर उचला, भुसा झाडा. साबणाचं पाणी कापसाने लावलं तरी चालतं, मात्र मशीनवर उडू देऊ नका. काठापासून भोकाच्या दुप्पट अंतर सोडा. आणि स्क्रूसाठी भोक पाडत असाल तर ते स्क्रूपेक्षा थोडं सैल ठेवा, कारण उन्हाने, दिव्यांच्या उष्णतेने ॲक्रिलिक फुगतं. घट्ट आवळलेला तक्ता गणपतीच्या पाचव्या दिवशी आपोआप तडकतो तो यामुळे.

कपाटाची फळी आणि पोकळ दारं

एका पायरीची उंची बहुतेक बिटांत चार-पाच मिलिमीटर असते. तेवढ्यापर्यंतच जाडी एका बाजूने नीट कापली जाते. कपाटाची मागची फळी चार-सहा मिलिमीटरची असेल तर निम्मं काम पुढून आणि निम्मं मागून करा. आधी बारीक पायरी आरपार काढा, मग दोन्ही बाजूंनी मोठं करा. त्यामुळे सनमायक्याचे टवकेही उडत नाहीत. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला मात्र हे बिट नकोच. तिथे होल सॉ हवा. पायऱ्यांच्या बिटाने नंतर कडेला हलका उतार देता येईल एवढंच.

बाथरूमची पीव्हीसीची दारं आणि भिंतीवर लावतात ती पॅनेलं आतून पोकळ असतात. पुढे एक पातळ पापुद्रा, मागे एक. पुढच्या पापुद्र्यात २० चं भोक झालं तेव्हा मागच्यात बिटाची मोठी पायरी पोचलेली असते असं समजू नका. बिट निमुळतं आहे, मागचं भोक लहानच असतं. मागून जाता येत असेल तर मागूनही पाडा. नसेल तर आधीच सरळ पिळाचं बिट वापरा.

काच, टाइल्स, ग्रॅनाइट आणि विटांची भिंत यांना हे बिट लावू नका. शॉवरच्या जाड काचेला तर कुठलंच बिट नको. ती टफन केलेली असते आणि भोक पाडायला गेलं की सगळी काच चुरा होऊन खाली येते.

भोक एक पायरी मोठं झालंच तर? वायरीचं असेल तर मोठ्या खाचेचं ग्रोमेट घाला. तोटीचं असेल तर स्टीलचं मोठं वायसर दोन्ही बाजूंना, मध्ये रबर. मखराच्या ॲक्रिलिकवर मात्र उपाय नाही. ते भोक कागदी फुलाखाली लपवा आणि पुढच्या ओळीत पट्टी लावून काम करा.

काम संपलं की बिट पुसून, तेलाचं बोट फिरवून कापडात गुंडाळून ठेवा. इतर हत्यारांच्या पेटीत सुटं टाकलं तर पान्यांवर आपटून धारा बोथट होतात. चष्म्याचं जुनं घर याला अगदी बरोबर पुरतं. त्यातच मोजपट्टी, पेन्सिलीचा तुकडा, रंगीत चिकटपट्टी आणि दोन-चार मापांची ग्रोमेटं ठेवा. ऐनवेळी शोधाशोध होत नाही आणि रविवारची वाटही बघावी लागत नाही.